चौघं एकत्र ठेवा : बॅडमिंटन दुहेरीसाठी विदर्भातल्या क्रीडा संकुल समित्यांना खुलं पत्र

प्रति,
विदर्भातील अकराही जिल्ह्यांचे जिल्हा क्रीडा अधिकारी
आणि तालुका क्रीडा संकुल समित्यांचे अध्यक्ष व सदस्य

विषय : ग्रामीण भागातून बॅडमिंटन दुहेरीचे आंतरराष्ट्रीय खेळाडू घडवण्याबाबत

महोदय, महोदया,
स.न.वि.वि.

ज्वाला गुट्टा यांचा जन्म वर्ध्याचा. २०११ साली लंडनच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत त्यांनी अश्विनी पोनप्पा यांच्या साथीनं कांस्यपदक जिंकलं. प्रकाश पदुकोण यांच्या १९८३ च्या पदकानंतर या स्पर्धेत भारताला मिळालेलं ते पहिलं पदक, आणि तेही महिला दुहेरीत. खेळ मात्र त्यांचा घडला हैदराबादेत. आज आर्वीच्या किंवा पांढरकवड्याच्या मुलीनं दुहेरीत पुढं जायचं ठरवलं, तर तिलाही राष्ट्रीय महामार्ग ४४ धरून हैदराबादच गाठावं लागेल, नाहीतर नागपूर. नागपूरला सोयी आहेत, मानकापूरच्या विभागीय संकुलात २०१७ ची वरिष्ठ राष्ट्रीय स्पर्धा झाली, मालविका बनसोडसारखी एकेरीची खेळाडू तिथून वर आली. प्रश्न तालुक्यांचा आहे.

आम्ही या भागात बॅडमिंटन शिकवणारे, पंच म्हणून उभे राहणारे आणि शाळांमधून खेळ सांभाळणारे लोक आहोत. आमचं मागणं एकच आहे. तालुक्यातला एक होतकरू खेळाडू हेरायचा, त्याचा सत्कार करायचा, त्याला रॅकेट द्यायची, ही पद्धत बॅडमिंटनपुरती तरी सोडा. त्याऐवजी बारा-तेरा वर्षांची चार मुलं किंवा चार मुली निवडा आणि त्यांना पाच वर्षं एकत्र ठेवा. दुहेरीचा खेळाडू एकटा तयार होत नाही. त्याला जोडीदार लागतो, आणि त्या जोडीला रोज झुंजायला तोडीस तोड दुसरी जोडी लागते. चौघांतला एक गळला की उरलेल्या तिघांचा सराव त्याच दिवसापासून अर्धवट होतो.

दुहेरीच का, हे आधी सांगतो. ऑलिंपिकमध्ये बॅडमिंटनची पाच सुवर्णपदकं असतात, त्यातली तीन दुहेरीची. थॉमस आणि उबर चषक या पुरुषांच्या आणि महिलांच्या जागतिक सांघिक स्पर्धा, त्यांच्या लढतीत पाचपैकी दोन सामने दुहेरीचे, मिश्र संघांच्या सुदिरमन चषकात पाचपैकी तीन. मे २०२२ मध्ये भारतानं बँकॉकला इंडोनेशियाला ३-० हरवून थॉमस चषक जिंकला, त्यातला मधला सामना सात्विकसाईराज रंकीरेड्डी आणि चिराग शेट्टी यांचा होता. सात्विक आंध्रातल्या अमलापुरमचा, चिराग मुंबईचा. त्यांची जोडी २०१६ मध्ये जुळवली गेली आणि १० ऑक्टोबर २०२३ ला ती जागतिक क्रमवारीत पहिली आली. सात वर्षं लागली. मधल्या काळात राष्ट्रकुलचं रौप्य आणि सुवर्ण, जागतिक कांस्य, आशियाई सुवर्ण. म्हणजे जोडी टिकली तर फळ येतं, पण ते एका आर्थिक वर्षात दाखवता येण्याजोगं नसतं. समितीच्या इतिवृत्तात हे पहिल्या बैठकीलाच लिहून ठेवा, म्हणजे दुसऱ्या वर्षी कोणी ‘निकाल कुठे आहे’ म्हणून निधी तोडणार नाही.

दुसरं कारण वयाचं. शहरातलं मूल सहा-सात वर्षांचं असताना कोर्टवर उभं राहतं, आपल्याकडचं अकरा-बाराव्या वर्षी. एकेरीत ही दरी भरून काढणं फार कठीण जातं. दुहेरीत खेळाडू उशिरा पिकतो आणि जास्त टिकतो, कारण तिथं पायांइतकंच काम नजरेचं, सर्व्हिसचं आणि जोडीदाराच्या अंदाजाचं असतं. इंडोनेशियाचे हेंद्रा सेतियावान यांनी २५ ऑगस्ट २०१९ ला बासेलमध्ये मोहम्मद अहसान यांच्यासोबत जागतिक विजेतेपद मिळवलं, तो त्यांचा पस्तिसावा वाढदिवस होता. अश्विनी पोनप्पा पॅरिस ऑलिंपिकला खेळल्या तेव्हा चौतीस वर्षांच्या होत्या. आणि खेड्यातून सुरुवात होतच नाही असंही नाही : ऑल इंग्लंडच्या उपांत्य फेरीत २०२२ आणि २०२३ अशी लागोपाठ दोनदा पोहोचलेल्या जोडीतली त्रिसा जॉली केरळच्या कण्णूर जिल्ह्यातल्या ग्रामीण भागातली, वडील क्रीडाशिक्षक, आणि पहिलं कोर्ट घराच्या अंगणात, मातीचं.

तिसरं कारण साध्या हिशेबाचं. तालुक्याच्या हॉलमध्ये दोन कोर्ट असतील तर एकेरीच्या सामन्यात एका वेळी चार मुलं घाम गाळतात, दुहेरीत आठ.

आता हॉलबद्दल, कारण बहुतेक ठिकाणी घोडं इथंच अडतं. दुहेरीचं कोर्ट १३.४० मीटर लांब आणि ६.१० मीटर रुंद असतं, एकेरीचं ५.१८ मीटर रुंद. चारही बाजूंनी दोन मीटर मोकळी जागा धरली तर दोन कोर्टांना १७.४० बाय १८.२० मीटर जमीन लागते. कंत्राटदार याहून जराशाच मोठ्या जागेत तीन कोर्ट आखून देतो आणि उद्घाटनाच्या फोटोत ती छान दिसतात. मग बाजूच्या रेषेपासून भिंत हातभर उरते. एकेरीत मूल कसंबसं निभावून नेतं. दुहेरीत मागचा खेळाडू स्मॅशसाठी तिरका उडी मारत बाजूच्या रेषेबाहेर उतरतो, तो थेट शेजारच्या कोर्टवर किंवा भिंतीवर. जखम व्हायच्या आधीच तो अंग चोरून मारायला शिकतो, आणि ही सवय पुढं सुटत नाही. जागा कमी असेल तर दोनच कोर्ट आखा. मिळेल तिथं दीडशे मुलांना हात फिरवायला लावण्यापेक्षा दोन नीट कोर्ट कामाची.

आखणीत आणखी एक घोळ असतो. दुहेरीची मागची सर्व्हिस रेषा मागच्या सीमारेषेच्या ०.७६ मीटर आत असते. ती कित्येक हॉलमध्ये रंगवलेलीच नसते. परिणाम असा की मूल फ्लिक सर्व्हिस, म्हणजे मनगटानं उंच उडवून मागं टाकलेली सर्व्हिस, शेवटच्या रेषेच्या अंदाजानं टाकायला शिकतं आणि जिल्ह्याच्या बाहेर पहिल्याच सामन्यात ती बाहेर जाते. पुढची सर्व्हिस रेषा जाळीपासून १.९८ मीटर, रेषांची जाडी ४० मिलिमीटर, आणि रेषा ज्या भागाची हद्द दाखवते त्याच भागात मोजायची. रंगाचा एक डबा आणि एक दुपार, एवढंच काम आहे.

जाळीचा खांब दुहेरीच्या बाजूच्या रेषेवरच हवा, एकेरीच्या नाही, भिंतीतल्या हुकाला जाळी बांधणं तर नाहीच. खांबापाशी उंची १.५५ मीटर, मध्यावर १.५२४. मध्ये जाळी चार-पाच सेंटिमीटर झोळ खाऊन लोंबत असेल तर मुलांची सर्व्हिस त्या खोट्या उंचीला पक्की होते, आणि स्पर्धेत तीच सर्व्हिस जाळीच्या वरच्या टेपला आपटते. १.५२४ मीटरवर खूण केलेली एक सरळ काठी हॉलमध्ये कायम ठेवा आणि रोज सरावाआधी मध्यावर लावून पाहा. खांबाला वजन कमी असलं की तो आत झुकतो. तळाला वाळूची पोती ठेवून भागतं, पण ती कोर्टच्या बाहेरच्या अंगाला.

जमीन. कोटा फरशीवर किंवा सिमेंटच्या कोब्यावर थेट अंथरलेली मॅट म्हणजे वरून मऊ, खालून दगड. दुहेरीत उड्या आणि एकदम थांबणं फार, त्यामुळे गुडघ्याच्या वाटीखाली आणि नडगीत दुखणं चौदा-पंधराव्या वर्षीच सुरू होतं. लाकडी पट्ट्यांवर फळ्या आणि त्यावर सिंथेटिक मॅट ही योग्य रचना. सगळ्या हॉलला परवडत नसेल तर एका कोर्टपुरती करा, दुसरं सर्व्हिस आणि जाळीजवळच्या सरावाला ठेवा. मॅटवरची धूळ मात्र पैशानं नाही, शिस्तीनं जाते. आपल्याकडं फेब्रुवारीनंतर बारीक धूळ थांबत नाही. सरावाआधी ओलसर मॉप फिरवायचा, दहा मिनिटं मॅट सुकू द्यायची, मग कोरडा. बाहेरची चप्पल दाराबाहेर, आणि बूट नॉन-मार्किंग, म्हणजे तळव्याचे डाग न पाडणारे, ते फक्त हॉलमध्ये घालायचे.

मागच्या दोन्ही भिंती पांढऱ्या असतील तर गडद हिरव्या किंवा निळ्या करा, चकाकी नसलेला रंग लावा. पांढऱ्यावर पांढरं शटल उशिरा दिसतं, आणि दुहेरीत उशीर म्हणजे गुण गेला. दिवे कोर्टच्या डोक्यावर नकोत, दोन्ही बाजूंना, बाजूच्या रेषेला समांतर हवेत. वर पाहिलं की डोळे दिपले, ही तक्रार मुलं बोलून दाखवत नाहीत, ती फक्त उंच शटल सोडून द्यायला लागतात. सरावाला कोर्टवर निदान ५०० लक्स उजेड असावा.

आणि टीनचं छप्पर. एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळिसाकडं झुकला की दुपारी हॉलची भट्टी होते, म्हणून कूलर लावले जातात. कूलरचं तोंड कोर्टकडं असेल तर दोन नुकसानं होतात. शटल वाहवतं, आणि ओलसर हवेनं मॅटवर पातळ दव धरतं, त्यावर पाय सटकतो. कूलर लावायचा तर भिंतीकडं तोंड करून, खेळ सुरू व्हायच्या अर्धा तास आधी, आणि खेळ सुरू झाला की बंद. त्यापेक्षा छपरावर वाऱ्यावर फिरणारे व्हेंटिलेटर आणि टीनखाली उष्णतारोधक थर हा खर्च जास्त उपयोगाचा. सरावाची वेळ मार्च ते जून पहाटे साडेपाच ते आठ, आणि पुन्हा सूर्य मावळल्यावर. प्रत्येक मुलाचं वजन सरावाआधी आणि नंतर करा. पन्नास किलोच्या मुलाचं एक किलो घटलं तर ते दोन टक्के झालं, तिथून पुढं चपळाई आणि लक्ष दोन्ही ढासळतं. घटलेल्या प्रत्येक किलोमागं साधारण सव्वा ते दीड लिटर पाणी, त्यात ओआरएस, पुढच्या काही तासांत पोटात गेलं पाहिजे. वजनकाटा आणि वही, एवढंच साहित्य.

शटलबद्दल थोडं सविस्तर, कारण खरेदीचा निर्णय तुमच्याकडं असतो. उष्ण हवा विरळ, म्हणून तेच शटल मे महिन्यात लांब उडतं आणि डिसेंबरच्या रात्री आखूड. पिसाच्या शटलच्या ट्यूबवर वेगाचा आकडा असतो. उन्हाळ्यात ७५ किंवा ७६ घ्या, थंडीत ७७. नायलॉनच्या शटलला बुडाशी रंगाची पट्टी असते, हिरवी म्हणजे सावकाश, निळी मध्यम, लाल वेगवान. आपल्याकडं उन्हाळ्यात हिरवी, हिवाळ्यात निळी. लाल कशालाच नको. वर्षभराचं टेंडर एकाच आकड्याचं काढू नका. तपासायचं कसं : मागच्या सीमारेषेवरून खालून पूर्ण ताकदीनं, बाजूच्या रेषेला समांतर शटल मारायचं. ते समोरच्या मागच्या रेषेच्या अलीकडं ५३० ते ९९० मिलिमीटरच्या पट्ट्यात पडलं तर वेग बरोबर. पुढं गेलं तर मुलं हात आखडून खेळायला शिकतात.

कोरड्या हवेत पिसं कडक होऊन दांड्याशीच तुटतात. ट्यूबची दोन्ही झाकणं काढून पिसांच्या बाजूनं किटलीची वाफ पाच-दहा सेकंद जाऊ द्या, बुडाचा कॉर्क भिजू देऊ नका, झाकणं लावून ट्यूब रात्रभर उभी ठेवा. सकाळी तेच शटल बराच जास्त वेळ टिकतं. चौघांच्या गटाला आठवड्यातून दोन दिवस पिसांचं, बाकी दिवस नायलॉनचं, असं धरलं तर महिन्याला पिसांच्या आठ ट्यूब पुरतात. नायलॉन पूर्ण टाळता येणार नाही, पण फक्त नायलॉनवर वाढलेल्या मुलाची जाळीजवळची बोटं तयार होत नाहीत, कारण पिसांचं शटल जाळी ओलांडताच जसं खाली वळतं तसं नायलॉन वळत नाही. वापरलेली शटल फेकू नका, शंभरेक जमवा, मल्टी-शटलच्या, म्हणजे एकामागोमाग एक शटल फेकून घ्यायच्या सरावाला लागतात.

रॅकेट ४यू वजनाची, म्हणजे ८० ते ८४ ग्रॅमची. गटिंग, म्हणजे तारांचा ताण, लहान मुलांना २२ ते २४ पौंड पुरे. आंतरराष्ट्रीय खेळाडू तीसच्या आसपास ठेवतात हे व्हिडिओत पाहून पोरं २८ मागतात, आणि कोपर धरून बसतात. गटिंगचं मशीन मात्र जिल्ह्याला एक असायलाच हवं. एका तुटलेल्या तारेसाठी रॅकेट एसटीनं अमरावतीला किंवा नागपूरला पाठवायची आणि चार दिवस वाट पाहायची, यात सराव मोडतो.

आता कोर्टवर काय करून घ्यायचं. दुहेरीचा बराचसा निकाल पहिल्या तीन फटक्यांत लागतो : सर्व्हिस, परतीचा फटका, आणि सर्व्हिस करणाऱ्या जोडीचा तिसरा फटका. यातला पहिला फटका एकट्यानं, विना प्रशिक्षक, रोज करता येतो. जाळीच्या टेपच्या वर ३० सेंटिमीटरवर एक दोरी ताणून बांधा. मूल पुढच्या सर्व्हिस रेषेच्या लगेच मागं, मधल्या रेषेजवळ उभं राहील, शटल पिसांना धरेल, बॅकहँडनं अंगठ्याचा रेटा देऊन ढकलेल. मारायचं नाही, ढकलायचं. शटल टेप आणि दोरी यांच्यामधून गेलं पाहिजे आणि समोरच्या सर्व्हिस रेषेच्या आत ३० सेंटिमीटरच्या पट्ट्यात पडलं पाहिजे. शंभरातली ऐंशी जमली की दोरी २० सेंटिमीटरवर, मग १५ वर. पाहायची गोष्ट अशी की शटलचा सर्वात उंच बिंदू जाळीच्या अलीकडं, आपल्या बाजूला यावा. जाळी ओलांडताना ते उतरत असेल तर समोरच्याला वर उचलावंच लागतं. उंच बिंदू पलीकडं गेला तर समोरचा पाऊल टाकून तिथंच ठोकतो. आणि नियम लक्षात ठेवा, शटलला रॅकेट लागते त्या क्षणी संपूर्ण शटल जमिनीपासून १.१५ मीटरच्या खाली असावं लागतं. दोन स्टँडना १.१५ वर दुसरी दोरी बांधून बाजूनं कोणीतरी पाहत राहिलं की उंच मुलांची चूक लगेच सापडते. बुटकी मुलं यात आपोआप सुटतात, आणि उंच मुलगा पंचानं दोनदा फॉल्ट दिला की घाबरून सर्व्हिस जाळीत घालू लागतो.

हल्ला करताना एक पुढं एक मागं, बचावात दोघं शेजारी, हे सगळे सांगतात. चुकतं ते जागेत. पुढचा खेळाडू जाळीला नाक लावून उभा राहतो, मग सपाट ड्राइव्ह त्याच्या कानावरून निघून जाते. त्याची जागा मधली रेषा आणि पुढची सर्व्हिस रेषा जिथं मिळतात तिथं, किंवा त्याच्याही पाऊलभर मागं, रॅकेट टेपच्या वर धरलेली. आणि त्यानं मागं वळून पाहायचं नाही, कधीच नाही. दुहेरीतल्या डोळ्याच्या जखमा याच क्षणी होतात, पुढचा वळतो आणि जोडीदाराचा स्मॅश तोंडावर येतो. पहिल्या आठवड्यापासून हे पाठ करून घ्या. मागच्याचा आवाजच पुढच्याचे डोळे. ‘माझं’, ‘तुझं’, ‘सोड’, हे तीन शब्द मोठ्यानं ओरडायची लाज गेली पाहिजे. मुली आधी फार हळू बोलतात, त्यांना मुद्दाम ओरडायला लावा.

मल्टी-शटलमध्ये एका वेळी वीस-तीस शटल पुरेत. फेकणाऱ्याला हे शिकवून घ्यावं लागतं, नाहीतर तो एकाच लयीत फेकतो आणि मुलं लय पाठ करतात. इथं अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळासारख्या संस्थेत शारीरिक शिक्षण घेणारी तरुण मंडळी उपयोगी पडतील. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांनी त्यांचा सराव-कालावधी तालुक्यांच्या हॉलशी जोडून द्यावा.

चौघांची निवड कशी करावी यावर आमचं स्पष्ट मत आहे. आधी एकेरीची क्रमवारी लावून वरचे चार घेऊ नका. ती मुलं एकमेकांची प्रतिस्पर्धी असतात आणि पालकांतही चुरस असते. दोन मागून जोरात मारणारे, दोन पुढं चपळ हाताचे असा गट करा. डावखुरं मूल मिळालं तर सोडू नका. डावा-उजवा जोडीत दोघांचे फोरहँड वेगवेगळ्या बाजूंना येतात, स्मॅशसाठी दोन्ही कोपरे उघडे राहतात. पहिली दोन वर्षं जोड्या दर महिन्याला बदला, पंधराव्या वर्षी पक्क्या करा. आणि तालुका-जिल्हा स्पर्धेत दुहेरीसाठी आदल्या संध्याकाळी एकेरीत हरलेल्या दोघांची मोट बांधायची पद्धत बंद व्हावी.

मुलींच्या गटाचा प्रश्न खेळाचा नसून बसचा आहे. संध्याकाळी सातचा सराव ठेवला की बाहेरगावच्या मुली गळतात, कारण शेवटची एसटी निघून जाते. शाळकरी मुलींसाठीच्या मानव विकासच्या निळ्या बसची वेळ आधी विचारा, तिच्याभोवती सरावाची वेळ बसवा.

पुढच्या वाटेबद्दल पालकांना खरं चित्र सांगायला हवं. देशात १३, १५, १७ आणि १९ वर्षांखालील गट, मग वरिष्ठ. आंतरराष्ट्रीय पातळीवर खालून फ्यूचर सिरीज, इंटरनॅशनल सिरीज, इंटरनॅशनल चॅलेंज, आणि त्यावर सुपर १०० पासून सुपर १००० पर्यंतच्या स्पर्धा. जागतिक क्रमवारीत मागच्या ५२ आठवड्यांतले सर्वोत्तम दहा निकाल धरतात, आणि दुहेरीत गुण जोडीच्या नावावर जमा होतात. जोडी मोडली की ते गुण नव्या जोडीदारासोबत चालत येत नाहीत. म्हणून जोडीतल्या एकालाच मदत करणारा दाता नकळत जोडी मोडतो. पैशांचंही पाहा. २०२३ च्या मोसमात २,१०,००० डॉलर बक्षिसाच्या सुपर ३०० स्पर्धेत एकेरीच्या विजेत्याला १५,७५० डॉलर होते, दुहेरीच्या जोडीला मिळून १६,५९०, म्हणजे प्रत्येकी ८,२९५. प्रवास आणि मुक्काम मात्र दोघांचा वेगळा. खालच्या पायऱ्यांवर बक्षिसातून विमानाचं तिकीटही निघत नाही. अठरा ते बावीस या वयात जोडीला आधार लागतो तो इथं, आणि खेळाडूंसाठीच्या ५ टक्के आरक्षणाची किंवा रेल्वे-पोलीस भरतीची आशा ही या चार वर्षांनंतरची गोष्ट आहे.

कागदपत्रं थोडक्यात. जन्माची नोंद ग्रामपंचायतीत वेळेवर झालेली नसेल तर वय पडताळणीत अडचण येते, म्हणून निवडीच्या वेळीच जन्मदाखला, आधार आणि शाळेचा दाखला यांवरचं नाव व तारीख जुळवून घ्या. पासपोर्ट सोळाव्या वर्षी काढून ठेवा. आणि ताप-सर्दीत गावातल्या दवाखान्यात पटकन स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात, ते स्पर्धेच्या काळात उत्तेजक चाचणीत सापडतं, हे पालक आणि डॉक्टर दोघांना लेखी कळवा.

सर्वांत मोठी गळती दहावीनंतर होते, ती लपवण्यात अर्थ नाही. चौघांतला एक ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या शिकवणीसाठी नागपूरला किंवा लातूरला जातो, आणि पाच वर्षांचा बेत एका जूनमध्ये मोडतो. त्या घराला दोष देता येत नाही. कापसाच्या भावावर चालणारं घर खात्रीची वाट धरणारच. म्हणून गट चारचाच ठेवला तरी मागं दोन राखीव तयार हवेत, आणि दहावी-बारावीच्या वर्षी सराव सहा दिवसांवरून तीनवर आणायची मुभा आधीच द्यावी. पूर्ण थांबवलेला खेळाडू परत येत नाही, निम्मा केलेला येतो. चौघांना एकाच कनिष्ठ महाविद्यालयात प्रवेश मिळावा आणि हजेरीची सवलत मिळावी, यासाठी जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांचं एक पत्र प्राचार्यांना पुरेसं होतं.

या वर्षी आमच्या मागण्या इतक्याच : प्रत्येक जिल्ह्यात सुरुवातीला दोन तालुके, प्रत्येकी चार मुलं आणि चार मुली, अधिक दोन-दोन राखीव. हॉलची आखणी, जाळी, दिवे आणि भिंतींची दुरुस्ती उन्हाळी शिबिराच्या आधी. शटलची खरेदी दोन हंगामांची वेगळी. जिल्हा मुख्यालयी गटिंगचं मशीन. आणि पाच वर्षांचा ठराव, नावानिशी.

हॉलची मोजणी करायला काठी आणि टेप घेऊन आमच्यापैकी कोणी ना कोणी तुमच्या तालुक्यात येईल, मानधन नको. तारीख आठवडाभर आधी कळवा, आणि त्या दिवशी सकाळी सातला हॉलची किल्ली ज्यांच्याकडं असते त्यांना हजर ठेवा.

आपले,
विदर्भातील बॅडमिंटन प्रशिक्षक, पंच आणि क्रीडाशिक्षक

प्रत माहितीसाठी : संचालक, क्रीडा व युवक सेवा संचालनालय, पुणे